खंडेनवमीला घासलेल्या पट्ट्या

कृष्णात मंगळवार पेठेतला. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास तो कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात शिपाई म्हणून लागला, आणि तेव्हापासून तिथल्या कुठल्याही वस्तूला मळकट राहायची सोय उरली नाही. नळ, कुलपं, तराजू, सगळं लखलखीत. देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी तर त्यानं इतक्या मायेनं घासली, की काही वर्षांत देणगीदाराचं नावच दिसेना. साहेब चिडले, तर हा म्हणतो, चमकतीय की.

दोन हजार तीन साली कागलची दीप्ती तिथं संशोधनाला आली. दवाखान्यातल्या दारांच्या मुठींवरून, खाटांच्या कठड्यांवरून जंतू एकाचे दुसऱ्याला लागतात. प्लास्टिकमध्ये तांब्याची पूड मिसळून असा पदार्थ करायचा, की त्यावर बसलेला जंतू तिथंच मरावा, हा तिचा ध्यास. तीन वर्षं ती त्याच्या पट्ट्या ओतत राहिली. दिसायला झकास, तांबूस, गुळगुळीत. पण जंतू मरायचं नाव घेईनात. शेवटी तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, याही पट्ट्यांनी गुण दाखवला नाही तर विषय बदला. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून पोर रडकुंडीला आली. ती कृष्णातला मामा म्हणायची. त्यालाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यातच खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपली हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पुजतो. विभागाची पूजा अर्थात कृष्णातकडं. उपकरणं मांडून झाली, झेंडू वाहून झाला, आणि त्याची नजर दीप्तीच्या पट्ट्यांवर गेली. ती बौद्ध घरातली, पूजाअर्चा करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून हळदकुंकू त्यानं लावलं नाही. पण पोरीचं हत्यार सणासुदीला पारोसं ठेवायचं? मन मानेना. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि एकेक पट्टी अंग मोडून घासली.

सुट्टीनंतर दीप्ती आली. पट्ट्यांची सगळी झिलई गेलेली, वर नुसते ओरखडे. कृष्णात शाबासकी घ्यायला पुढं आला होता. तिचा चेहरा बघून तो दोन पावलं मागं सरला.

"ताई, म्या घासल्यात," तो म्हणाला. "सणाचं पारोसं नगं म्हटलं."

सरांना निकाल दाखवायचा दिवस तोंडावर आला होता. नव्या पट्ट्या ओतायला वेळ नव्हता. नाइलाजानं तिनं त्यांच्यावरच जंतू सोडले.

दुसऱ्या दिवशी तपासलं, तर एकही जंतू जिवंत नाही. आपलंच काही चुकलं म्हणून तिनं पुन्हा करून बघितलं. तेच. कपाटामागं पडलेली एक पट्टी कृष्णातच्या तावडीतून सुटली होती. तिच्यावर सोडलेले जंतू मात्र सुखानं नांदत होते. तेव्हा कुठं दीप्तीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओतताना प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वर येत होता, तांबं आतच दडून राहत होतं. मामानं घासलं आणि तांबं उघडं पडलं.

ती धावत व्हरांड्यात गेली. कृष्णात कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. तिनं त्याला हाताला धरून उठवलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्याला पापुद्रा कळला, न कळला. विषय वाचला एवढं कळलं, आणि तो भरल्या डोळ्यांनी हसत सुटला. सर तर आता विषाणूंवरही करून बघू म्हणायला लागले.

पुढच्या खंडेनवमीला दीप्ती सकाळीच हजर. कृष्णात घाईनं म्हणाला, "तुझ्या पट्ट्यांस्नी कुकू न्हाय लावत, भिऊ नगंस."

"ते ठाव हाय की मला," ती म्हणाली. "पेपर द्या हिकडं. मी बी घासते."

दोघं शेजारी बसून घासायला लागले. कृष्णातनं थोडा वेळ कळ काढली, पण तिचं ते हळुवार घासणं त्याला बघवेना.

"ताई, जोर लाव की जरा," तो म्हणाला. "जंतू मरायला पायजेत."