खाजेच्या मलमाचे शुभेच्छुक

आता काय सांगू तुम्हाला, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी पुंडलिकनगरच्या चौकात फ्लेक्स लावून केलं!

माझं फ्लेक्स छापायचं दुकान. मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, संतोषनं, खाज-गजकर्णाचं मलम काढलं. म्हणला, "दाजी, चौकात बोर्ड पाहिजे. बरं झालेल्या माणसांच्या फोटोसकट!"

आता अशी माणसं आणायची कुठून? आमच्याकडं कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी शुभेच्छुकांत फोटो टाका म्हणून लोक भांडतात. पण खाजेचं नाव काढलं की गल्ली रिकामी! मलम मागायला येणारं गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं, "गावाकडच्या पाव्हण्याला पाहिजे होतं."

मग मी डोकं चालवलं. तिथंच घात झाला. "संतोषच्या नव्या धंद्याला शुभेच्छा द्यायच्यात, फोटो फुकट," एवढंच सांगत सुटलो. कसला धंदा, हे एकानं विचारलं असेल तर शपथ! शेजारचे बेकरीवाले रफिकचाचा, त्यांनी तर गॉगल लावलेला फोटो पाठवला. वर फोन करून, "मेरा बीच में आयेगा ना?"

आला की! वर ठळक अक्षरांत 'खाजेपासून सुटका!', मधी मलमाची ट्यूब, खाली सगळे मान्यवर हात जोडून.

दुपारीच चाचा दुकानात हजर.

"अरे मियां, सुबह से लोगां मेरे हाथां देख रैं! पाव कोई नै ले रा!"

चांगल्या माणसाची भट्टी विझवायची वेळ आणली होती मी! लगेच एक पट्टी छापून बोर्डाखाली चिकटवली: 'वरील मान्यवरांना खाज नाही.'

आता संतोष उखडला. "दाजी, खाज नव्हतीच, तर माझ्या मलमानं केलं काय?"

बरं बाबा! मी एकच शब्द वाढवला: 'वरील मान्यवरांना आता खाज नाही.'

झालं! चाचा ती पट्टी वाचून आले ते थेट पिठाच्या हातानं माझी कॉलर धरायलाच. "आता? आता मतलब? हमारे सब फोटो निकाल! तेरा लगा! बडा लगा!"

लावला. करतो काय? दारापेक्षा मोठा, माझा एकट्याचा फोटो. खाली तीच पट्टी, फक्त मान्यवरांच्या जागी माझं नाव. बेकरीत गिऱ्हाईक परतलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी येतो तर माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला! ताटाशेजारी मलमाची ट्यूब!

"अगं, मला काय झालंय? तुझ्या भावाला विचार की!"

"विचारलं. बोर्डावर लिहिलंय ते खरंय म्हणला. ट्यूबचे पैसेबी पुरते घेतले त्यानं." बायकोनं डोळ्याला पदर लावला. "अहो, आख्ख्या चौकाला सांगितलंत, अन् माझ्यापाशीच लाजलात व्हय?"

मी गपचूप ट्यूबचं झाकण उघडलं.