मलिद्याची बशी

"हा तुरुंगात होता."

बेर्शेबाच्या लिश्केतला बाबू खिडकीतून माझा कागद वर धरून रांगेला सांगत होता. लिश्का म्हणजे कामं वाटायची कचेरी. मागं पन्नासेक माणसं, अर्धी आपलीच, कोकण सोडून या ज्यूंच्या नव्या देशात आलेली. सगळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

मी फिटर. मुंबईच्या गिरणीत बारा वर्षं यंत्रं जुळवली. कागदावर ते नाही. कागदावर साखर.

ऐका माझा गुन्हा. पोरगी टायफॉइडातून उठली. बायकोनं आपल्या एलियाहू हनाबी प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता. साखर तेव्हा रेशनवर. मलिदा काय मिठाचा करायचा? घेतली किलोभर काळ्या बाजारातून. मलिद्याला लागतात ते पोहे मिळेनात, तर भातच कुस्करला. कुणी मेल्यानं चुगली केली आणि प्रार्थना संपताच पोलीस दारात. आता मलिद्याच्या वेळी दारात आलेल्याला आपण रिकामं पाठवतो काय? मी खुळा, त्याच्या हातात बशी दिली. त्यानं खाल्ली. आणखी मागितली. तिसरी बशी कागदात गुंडाळून नेली, ती कोर्टात पुरावा.

जज्जानं तीन आठवडे दिले. भोगले. त्याचं काही म्हणणं नाही. पण या बाबूनं जन्मठेप दिली. फिटरची जागा निघाली की माझा कागद बाहेर, आणि माझ्या हातात झाडू. वर्षभर हेच.

त्या दिवशी त्यानं नवा कागद सरकवला. माझ्या लोकांच्या मागासल्या रीतींमुळे माझ्या हातून गुन्हा घडला, त्या रीती मी सोडल्या आहेत, असं त्यात लिहिलेलं. सही केली की फिटरचं काम. वर हसतोय, उपकार केल्यासारखा.

मेहुणा मागून कुजबुजला, "करा सही, भावजी. पोरीकडे बघा."

पोरीकडेच बघितलं मी. ती जगली म्हणून तर मलिदा केला. पेन खाली ठेवलं.

"सजा जज्जानं दिली, ती संपली," मी म्हणालो. "हे लिहिलंय तू. सही तूच कर."

वर्षभर माझी मान खाली होती. कुणापुढं, तर या रबरी शिक्क्यापुढं. थू.

आता रोज सकाळी रांगेत पहिला मी. त्यानं कागद काढायच्या आत मीच लोकांकडे तोंड करून सांगतो: फिटर आहे. तीन आठवडे आत होतो, मलिद्याच्या साखरेपायी. पोलिसानं दोन बश्या खाल्ल्या.

मग वळून फिटरचं काम मागतो. मिळेपर्यंत मागणार. झाडू घेणार नाही. आणि पुढच्या मलिद्यालाही दार उघडंच ठेवणार.