चंदनाच्या मापाचा झगा

बंगळुरातल्या शिवाजीनगरात प्रतापरावांच्या टेलरिंगच्या दुकानात मी अठरा वर्षं तुरपाई आणि काजे-बटणं करते आहे. माणूस हाताचा सफाईदार, जिभेचा मात्र कडू. मला ते मुळीच आवडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगते, त्यांनाही.

त्यांची एकुलती एक मुलगी चंदना जपानी कार्टूनांनी वेडी झाली होती. व्हाइटफील्डला दरवर्षी त्यातल्या पात्रांचे वेश करून पोरं जमतात. तिथं तिला तलवारवाल्या पोरीचा रुंद बाह्यांचा निळा झगा घालून जायचं होतं. "अप्पा, शिवा की!" म्हणत ती दुकानात ठाण मांडायची. प्रतापरावांनी माप घेतलं, पण शिवलं नाही. "असली भुताटकी माझ्या मशीनवर नको," म्हणाले. चौदाव्या वर्षी डेंगीनं ती गेली. तेव्हापासून असलं काम घेऊन कुणी आलं, की ते सरळ हाकलून द्यायचे.

दोन वर्षांनी पवित्रा नावाची सोळा वर्षांची पोर आली, आणि तसलाच निळा झगा मागू लागली. मला वाटलं, आता हिची खैर नाही. पण त्यांनी निमूट माप घेतलं, मी वहीत लिहिलं. कापताना मात्र वही उघडलीच नाही.

"अण्णा, माप बघा की," मी म्हटलं.

"पाठ आहे मला."

झगा तुरपाईला आला तेव्हा बाह्यांना आणि घेराला आतून दोन-दोन इंच कापड दुमडलेलं दिसलं. इतकं कापड आम्ही फक्त वाढत्या मुलांच्या कपड्यांत सोडतो, पुढं उसवून लांब करायला. कुणाचं माप पाठ होतं ते मला कळलं. तरी मी भित्र्यासारखी सुई ओवून तुरपाईला बसले.

पवित्रानं झगा चढवला, डोक्याला निळ्या केसांचा टोप लावला. मनगटं उघडीच.

"अंकल, स्वल्प आखूड झालाय. उद्याच जायचंय मला!"

प्रतापराव पांढरेफटक पडले. "सरी, बरं. काढ, थांब," एवढंच बोलले. मी दुमड उसवली, त्यांनी इस्त्री फिरवली. पुन्हा घातला तर बाह्या नेमक्या मनगटावर, घेर नेमका घोट्यावर. सूतभर फरक नाही.

पवित्रा आरशासमोर गिरक्या घेऊ लागली. प्रतापराव तिच्याकडे बघत मला म्हणाले, "आता एवढी झाली असती गं."

पवित्रा झगा उतरवायला पडद्याआड निघाली, तशी त्यांनी घाईनं हाक मारली, "बाळा, राहू दे की अजून स्वल्प वेळ अंगावर."