माझा गुरुवार शोरूमला कसा कळला?

आज शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा. माझी गाडी वाशीमच्या ज्या शोरूममधून घेतली, तिथेच नुकतंच आलेलं मॉडेल बघायला गेले होते. माझी गाडी चांगली चालते. बदलावी की नाही, एवढाच प्रश्न होता.

तिथला विक्रेता चहा पुढे करत प्रेमानं म्हणाला, "मावशी, काल मंगरूळपीरले नाई गेल्या? तब्येत बरी हाय ना?"

दर गुरुवारी मी तिथे बहिणीकडे जाते. हे मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमची गाडीच सांगते ना! इथं स्क्रीनवर दिसते. नवीन मॉडेल तं याच्याहून हुशार हाय. तुमी एकट्या राह्यता, आमचं ध्यान राहीन तुमच्यावर."

शाळेत नन्सनी शिष्टाचार छडीनं शिकवले, म्हणून तो चहा त्याच्या अंगावर न फेकता टेबलावरच ठेवला.

मैत्रिणींनो, मी मंगरूळपीरला असते तेव्हा माझ्या घराला रात्रीपर्यंत कुलूप असतं. ती स्क्रीन किती जण बघतात? तुमची गाडी कोणाला काय सांगते, विचारलंत कधी?

नवीन गाडी राहू द्या. माझं घर केव्हा रिकामं असतं हे कोणाकोणाला ठाऊक आहे, ते शोरूमच्या मालकांनी मला सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. त्यानंतर गुरुवार फार लांब नाही.