पिच्चरमधली माझी पाठ

परवा नातीनं मला राजा-राण्यांचा नवा पिच्चर दाखवला. हत्ती, तलवारी, गोऱ्यापान दासी. बाहेर पडताना ती फणकारली, "आजी, एवढ्या मोठ्या राज्यात आपले लोक कुठं राहात होते वं? एक तरी दिसला का तुले?"

"काहून नाही दिसत? मी होती ना एका पिच्चरमंधी!"

फुशारकी मारण्यात मी जन्माची हुशार. सतरा वर्षांची होते तेव्हा पारशिवनीकडच्या आमच्या गावाजवळ, एका पडक्या गढीवर ऐतिहासिक पिच्चरचं शूटिंग आलं. गर्दीसाठी माणसं हवी होती. मला बघताच राणीची दासी करतील अशी माझी खात्री. तोंडाला एवढी पावडर थापली की आमची शेळीसुद्धा बुजली. मायही निघाली. दीक्षा घेतली तेव्हाचं पांढरं लुगडं तिनं पेटीतून काढलं. एरवी ते वर्षातून एकदाच, दीक्षाभूमीवर जाताना नेसायची. "साऱ्या जगाले दिसन, मंग चांगलं नको नेसू?" म्हणाली.

पिच्चरवाल्या माणसानं आधी आमची वस्ती विचारली. मग आम्हाला वेशीबाहेरच्या गर्दीत उभं केलं आणि काजळी फासलेली, फाटकी लुगडी पुढं टाकली. राजाची स्वारी आली की जमिनीला कपाळ टेकवायचं.

मायनं त्यातलं एक लुगडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"असंच नेसून माही आजी मेली. मी नाही नेसत. चाल वं घरी."

"तूच जाय! माह्या आड काहून येऊन राहिली? लाज वाटते मले तुही!"

हे सगळ्यांसमोर, ओरडून. वाकायला मिळावं म्हणून मायशी भांडणारी शहाणी पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

ती निघून गेली. मी वाकले. हत्ती अडून बसला म्हणून पाचदा वाकले. संध्याकाळी घरी आले तर चूल अजून पेटलेली नव्हती आणि माय पांढऱ्या लुगड्याची घडी घालत होती. एवढा उशीर काहून, हेही मी विचारलं नाही. रुसले होते ना! पुढं चार वर्षांनी ती काविळीनं गेली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

नात मिहानमधल्या एका कंपनीत कम्प्युटरवर काम करते. तिनं घरी आल्यावर तो जुना पिच्चर शोधून काढलाच. राजा येतो, आणि खाली नुसत्या पाठीच पाठी. त्यातली एक माझी. कोणती, ते मलाही सांगता येईना. पावडर सगळी मातीत गेलेली. मला वाटलं नात हसेल. ती हसली नाही.

"आजी, थांब. हे मागं काय आहे?"

हत्तीच्या पायांपलीकडे, दूर मोहाच्या झाडाखाली, पांढरं काहीतरी उभं होतं. पिच्चरवाल्यांच्या नजरेतून सुटलेलं.

नातीनं ते मोठं केलं. चेहरा दिसेल म्हणून मी चष्मा पुसला. पण मोठं करताच ते पसरलं, फाटलं, नुसते पांढरे चौकोन उरले.

"लहान कर वं," मी म्हटलं, "लहानच राहू दे."

लहान केल्यावर निदान एवढं तरी कळतं, की कोणीतरी उभं आहे. मी जाय म्हटलं होतं, आणि ती गेलेली नव्हती.