आजोबांच्या चालीने

बाळांनो, आजी गोल्फ कार्टवरून शेजाऱ्याशी भांडली आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलली, ही बातमी तुमच्या बाबांनी मेलबर्नमध्ये तुम्हांला हसत हसत सांगितली, हे मला परवाच्या व्हिडिओ कॉलवर कळलं. धाकट्याने तर विचारलंच, “आजी, वेअर यू स्पीडिंग?” नाही रे राजा. मी फार हळू चालवत होते, म्हणून भांडण झालं. का हळू चालवत होते, हे सांगायची मला परवानगी नव्हती. काल जेवताना आजोबा आपणहून म्हणाले, “पोरांना सांग. बाकी कुणाला नको.” म्हणून आज लिहिते आहे. भांडण इंग्रजीत झालं, पण सांगणार मराठीत. तुमचे बाबा वाचून दाखवतील. यात त्यांच्याबद्दलही आहे. त्यांनी ओळी गाळू नयेत.

आम्ही राहतो ती वसाहत कॅनडातल्या सरे शहराच्या एका कडेला आहे. इथे फक्त उतारवयातले लोक घर घेऊ शकतात. मोटार बाहेर जायला, आणि आतल्या आत फिरायला कार्ट. फाटकापासून तळ्याच्या कडेने क्लबहाउसपर्यंत एकच मोठा रस्ता जातो आणि सकाळी सगळे त्यावर असतात. कुणाला पोहायचं असतं, कुणाला पत्ते खेळायचे असतात, कुणाला नुसतीच कॉफी हवी असते. फाटकाशी नियमांची पाटी आहे. कार्टचा वेग जास्तीत जास्त ताशी पंधरा किलोमीटर. पुढे जायचं तर डावीकडून, आधी एकदा घंटी वाजवून. तळ्याच्या वळणावर कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. चालणाऱ्या माणसाचा हक्क पहिला. ही पाटी मला मनापासून आवडते. इतकं स्वच्छ इंग्रजी हल्ली फार ठिकाणी वाचायला मिळत नाही.

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुम्हांला ठाऊक आहे. नंतरचं ठाऊक नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीने रोज चालायला सांगितलं आणि एक वॉकर दिला. आजोबांनी तो गराजमध्ये नेऊन बर्फ काढायच्या शोव्हलच्या मागे ठेवला. “हा सांगाडा पुढे धरून मी लोकांसमोर जाणार नाही,” म्हणाले. काठीही नको. जन्मभर बांधकामाच्या साइटवर इतरांना हुकूम दिलेला माणूस. मीही फार आग्रह केला नाही, कारण मी त्यांना ओळखते. मग ते चालेनासेच झाले. खिडकीपाशी बसून राहायचे आणि बाहेर कोण गेलं ते मला सांगायचे.

एकदा मी कार्ट काढत होते तेव्हा ते दारापर्यंत आले आणि काहीतरी सांगता सांगता त्यांनी कार्टच्या छपराचा खांब धरला. मी गाडी अगदी सावकाश सोडली. ते बोलत राहिले आणि चालत राहिले. कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. “असं जमतंय की,” म्हणाले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा बायकोशी गप्पा मारत चालला आहे. आणि गप्पा मारतच होतो. त्यांची अट एकच होती. “माझ्या पायाचं कुणाला सांगायचं नाही. पोराला तर नाहीच. तो विमानात बसेल.”

तेव्हापासून आमची कार्ट आजोबांच्या चालीने जाते. ते उजवीकडे खांब धरून, मी डावीकडे स्टिअरिंगवर. त्यांच्यापुरती जागा सोडायची तर गाडी रस्त्याच्या थोडी मध्ये घ्यावी लागते. ती बाजूला घेतली, तर त्यांचा पाय रस्ता सोडून कडेच्या खडीवर पडणार, आणि खडीवर त्यांचा तोल राहत नाही. म्हणजे मी बाजूला झाले, तर आजोबा पुन्हा खिडकीत. इतकं साधं गणित होतं. फक्त ते कुणाला मांडून दाखवता येत नव्हतं.

मागच्यांना ताटकळत ठेवायची मला हौस नव्हती. नागपूरला मी मोटार शिकले तेव्हा हाताच्या खुणा पाठ कराव्या लागत. पुढे जा म्हणायचं, तर हात बाहेर काढून मागून पुढे असा फिरवायचा. रस्ता मोकळा दिसला की मी तसा हात फिरवत असे. इथे ही खूण कुणाला कळत नाही. बहुतेकांना वाटे, मी गुड मॉर्निंग म्हणते आहे. तेही हात हलवत आणि हसत हसत माझ्यामागेच चालत राहत.

दोन घरं पलीकडचे गृहस्थ मात्र हसणारे नव्हते. त्यांची कार्ट उंच, जाड चाकांची, दर रविवारी पॉलिश केलेली. एका सकाळी तळ्याच्या जरा अलीकडे त्यांनी मागून घंटी वाजवली. रस्ता मोकळा होता. मी हात फिरवला. ते मागेच राहिले. मी पुन्हा फिरवला.

“डोन्ट यू शू मी, लेडी!” मागून आवाज आला. कोंबडी हाकलावी तशी मी त्यांना हाकलते आहे, असं त्यांना वाटलं होतं!

“मी तुम्हांला वाट देते आहे!” मी ओरडून सांगितलं. पण तोवर वळण आलं होतं, आणि तिथेच ते पुढे घुसले, इतके जवळून की माझा हात आपोआप उजवीकडे वळला. खांब आजोबांच्या हातातून सुटला. ते खडीवरून दोन पावलं गेले आणि गवतावर बसले.

मी धावले. “लागलं का हो?”

“गवत ओलं आहे,” आजोबा म्हणाले. “बाकी ठीक. हात दे. घाई करू नकोस, आपण गप्पा मारतोय असं दिसू दे.”

ते गृहस्थ पुढे थांबून पाहत होते. म्हणाले, “नवरा दमलाय तुमचा. त्याला गाडीत बसवा आणि नीट चालवा. नाहीतर रस्त्यावर येऊ नका.”

तक्रार त्यांनीच केली. कमिटीने ती मला कळवली नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तुमच्या बाबांचा ईमेल त्यांच्याकडे होता, त्यावर पाठवली. शाळकरी मुलीची तक्रार तिच्या बापाकडे जावी, तशी माझी माझ्या मुलाकडे! त्याला पाळण्यापासून मी वाढवला आहे, हे कमिटीला कुणी सांगावं?

बाबांचा फोन आला. “आई, अगं लोक कम्प्लेंट करतायत म्हणजे काहीतरी असेल ना? साइडला घे, जाऊ दे त्यांना. यू डोन्ट हॅव टू विन एव्हरीथिंग.”

मी “बरं” म्हटलं. आजोबा समोरच बसले होते. त्यांनी फक्त मान हलवली.

मीटिंगला आम्ही दोघं गेलो. अध्यक्षीणबाई फार गोड बोलतात, आणि गोड आवाजातच त्यांनी ठराव वाचला. ज्या कार्ट इतरांच्या वेगाने जाऊ शकत नाहीत, त्या सकाळी मोठ्या रस्त्यावर आणू नयेत. आजोबांनी टेबलाखाली माझं कोपर दाबलं. “माझं नाव काढायचं नाही.”

मी उभी राहिले. “पाटीवर मॅक्सिमम लिहिलं आहे. मिनिमम कुठे लिहिलं आहे, ते मला दाखवा.”

मागे कुणीतरी हसलं. शेजारी म्हणाले, “मॅडम, ही कॉमन सेन्सची गोष्ट आहे.”

“कॉमन सेन्स असता, तर वळणावर पुढे जाऊ नका हे पाटीवर लिहावं लागलं नसतं.”

ते लाल झाले. “ठीक आहे. इतकं हळू का चालवता, याचं एक कारण द्या. फक्त एक.”

ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. बोलले असते, तर सगळ्यांनी चुकचुक केली असती, शेजाऱ्यांनी माफीही मागितली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबा घराबाहेर पडले नसते. शिवाय, बाळांनो, आजारी नवऱ्याची बायको म्हणून मला सवलत नको होती. नियम माझ्या बाजूने होता.

“कारण सांगायला मी बांधलेली नाही,” मी म्हणाले.

बरीच कुजबुज झाली. शेवटी अध्यक्षीणबाईंनी ठराव बदलला. हळू जाणाऱ्याने इतरांना पुढे जाऊ द्यावं, जिथे सेफ असेल तिथे.

“सेफ कुठे आहे, हे कोण ठरवणार?” मी विचारलं.

“वेल… पुढचा ड्रायव्हर, आय सपोज.”

“मग तसं लिहून घ्या,” म्हटलं, आणि बसले. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, “वकील व्हायचं राहिलं तुझं.” “अजून वय गेलेलं नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निघालो, तर समोरच्या पंजाबी बाई आपली कार्ट काढून थांबल्या होत्या. “बहनजी, आज से मैं आपके पीछे. जिसको जल्दी है, पहले मुझसे बात करे.” कारण त्यांनी विचारलं नाही. खांबावरच्या आजोबांच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि शालीचा पदर सारखा केला.

शेजाऱ्यांचं आणि माझं गुड मॉर्निंग तेव्हापासून बंद आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वाटतं असं मी लिहिणारही नाही. ते मागून आले की मी हात फिरवते. ते माझ्याकडे न बघता पुढे जातात. म्हणजे खूण त्यांना आता कळली आहे.

आणि तुमच्या बाबांना: विमानात बसायचं कारण नाही. “आई, तू सांगायला हवं होतंस,” असंही म्हणायचं नाही. मी शब्द दिला होता.

क्लबहाउसपर्यंत आता आजोबांना झेपत नाही. थंडीत खुबा आखडतो. परतताना ते गाडीत बसतात आणि उन्हाळ्यात पुन्हा पूर्ण जाऊ म्हणतात. मी हो म्हणते. पण तळ्यापर्यंत ते रोज चालत जातात, स्वतःच्या पायांनी, भर रस्त्यावरून.