सागवानी फळ्यांचा टेम्पो

आमचे मामा सुतार. लोखंडावर त्यांचा विश्वास नाही, खिळासुद्धा ते नाइलाजानं मारतात. असा माणूस जुना छोटा टेम्पो घ्यायला निघाला, म्हणून मामीनं मला त्यांच्यामागे पिटाळलं.

विकणारा बॉनेट उघडून उभा होता. मामा तडक मागे गेले. हौद्यात सागवानी फळ्या ठोकलेल्या होत्या. मामांनी एकेक फळी बोटानं वाजवली, सांध्यात नख घालून पाहिलं आणि शेवटी वाकून वास घेतला.

"इंजिन चालू करून बघा की," मी म्हणालो.

"ज्यानं हौदा असा ठेवलाय, तो इंजिन वाईट ठेवेल होय?" मामा म्हणाले आणि सौदा करून मोकळे झाले. विकणाऱ्यानं घाईघाईनं बॉनेट लावून टाकलं.

घराजवळच्या चढावर टेम्पोनं मान टाकली. मामी धावत आली आणि माझ्याबरोबर धक्का मारू लागली. मामा आत स्टिअरिंग धरून म्हणत होते, "फळ्या मात्र अस्सल आहेत हं."

"माझ्याही वेळी हेच," मामी धापा टाकत मला म्हणाली. "मला बघायला आले आणि आमच्या दाराची चौकट ठोकत बसले. चौकट पक्की निघाली म्हणून होकार दिला. इंजिनाची चौकशी तेव्हाही केली नाही."

"मग काय बिघडलं?" मामांनी आतून विचारलं. "चाललंच ना इतकी वर्षं?"

"चाललं नाही, ढकललं," मामी म्हणाली. मग तिनं मला बाजूला ओढलं आणि स्वतःचेही हात काढून घेतले.